मदत हवी आहे : ॲम्प बसवल्यापासून ट्वीटरमधून कुईंऽऽ, रेस दिली की चढते

पेठेतला_पाहुणा

लोकहो, गाडी २०१४ ची स्विफ्ट, पेट्रोल. कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा टचस्क्रीन लावला त्याला बराच काळ झाला, आणि नुसत्या टचस्क्रीनवर कधी काही तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात डिकीत चार चॅनलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) बसवून घेतला. पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर, उरलेले दोन चॅनल ब्रिज करून (म्हणजे एकत्र जोडून) एक सबवूफर, खालच्या बेससाठी. वाजतंय झकास. पण इंजिन सुरू झालं की ट्वीटरमधून (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) बारीक कुईंऽऽ येते. ॲक्सिलरेटर दाबला की पट्टी चढते, पाय काढला की उतरते. तबला सुरू असेल तर दबते, नुसता तानपुरा लागला की डोकं उठतं.

आतापर्यंत टिपलेलं असं : इंजिन बंद आणि किल्ली फक्त ॲक्सेसरीवर असेल तर कुईं अजिबात नाही, ट्वीटरला कान लावला तर हलकी सूंऽऽ तेवढी. टचस्क्रीनचा आवाज शून्यावर नेला तरी कुईं तश्शीच. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावला की थोडी वाढते. सबमधून काहीच नाही.

बसवणारा म्हणतो, "साहेब, अल्टरनेटरचा आवाज सगळ्यांनाच येतो, फिल्टर टाकून देतो." एक पॉवरच्या वायरमध्ये, एक आरसीएमध्ये (टचस्क्रीनमधून ॲम्पकडे गाणं नेणारी वायर). पैसे घालण्याआधी इथे विचारतोय. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग जमतं.

डिझेलप्रेमी

डायनामोचा, म्हणजे अल्टरनेटरचा, एखादा डायोड गेला असणार. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेऊन उघडायला लावा. फिल्टर म्हणजे दुखणं अंगावर काढणं.

तारतम्य

डिझेलप्रेमी, शक्यता आहे, पण डायनामो उतरवायची घाई कशाला? आधी मोजून बघता येतं. इंजिन आयडलवर, हेडलाइट लावून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. ०.१ व्होल्टच्या बराच खाली आकडा आला तर डायोड ठीक समजा. एक सावधगिरी : काही स्वस्त मीटर एसी रेंजवर सरळ डीसीलाच फसतात आणि २८-३० व्होल्ट असला आचरट आकडा दाखवतात. तसं झालं तर घाबरू नका, प्रोब उलटे करून बघा. एका बाजूने तीस आणि दुसऱ्या बाजूने शून्य आलं तर ते मीटर या कामाचं नाही. मग एखादा छोटा नॉन-पोलर कपॅसिटर एका प्रोबला सिरीजमध्ये जोडून मोजा.

आता मूळ दुखणं. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणारा डायनामो, आत तीन फेजची एसी बनवतो, डायोड तिची डीसी करतात, पण ती पूर्ण सपाट होत नाही, वर बारीक लहरी राहतात. बऱ्याच छोट्या गाड्यांतला अल्टरनेटर बारा पोलचा असतो, म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात ३६ लहरी. पुलीमुळे तो इंजिनच्या साधारण अडीचपट फिरतो असं धरा. आयडलला ८०० आरपीएम म्हणजे लहर १२०० हर्ट्झची, २५०० आरपीएमला ३७५० हर्ट्झची. कान सर्वांत तिखट असतो नेमका त्याच पट्ट्यात. म्हणून कुईं ट्वीटरमधून येते आणि तुमचा सब गप्प असतो. लाइट-पंख्याने वाढते कारण अल्टरनेटरवर भार वाढतो.

या लहरी प्रत्येक गाडीत असतात, चांगल्या सिस्टीममध्येही. त्या गाण्याच्या वाटेत शिरतात कुठून, तेवढं शोधायचं. तुमच्याकडे टचस्क्रीन डॅशबोर्डात अर्थ झालाय (म्हणजे त्याचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडलाय), ॲम्प डिकीत. दोन्ही ठिकाणच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतो आणि तो भरून काढायला आरसीएची बाहेरची जाळी आयतीच मिळते. तो करंट गाण्यात मिसळतो. आवाज शून्यावर नेऊनही कुईं कमी होत नाही, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतेय. हे तुम्ही आधीच तपासलंत, बरं केलंत.

क्रमाने करा. प्रत्येक वेळी ॲम्प बंद करून, बॅटरीजवळचा फ्यूज काढून मगच वायरी हलवा.

पहिलं, ॲम्पच्या आरसीए काढा, इंजिन चालू करून ऐका. कुईं राहिली तर दोष ॲम्पच्या पॉवर-अर्थमध्ये किंवा स्पीकरच्या वायरीत. गेली तर पुढे चला. मोबाइल चार्जरला न लावता, ३.५ मिमी ते आरसीए वायरने थेट ॲम्पला जोडा. शांत असेल तर ॲम्प निर्दोष. मग तोच मोबाइल आरसीएच्या डॅशबोर्डाकडच्या टोकाला जोडा, म्हणजे गाडीतली लांब वायर मध्ये आली. इथे कुईं आली तर वायरीची वाट चुकली आहे, पॉवरची जाड वायर आणि आरसीए एकाच पट्टीखालून नेली असणार. इथेही शांत असेल तर टचस्क्रीनकडे बोट.

घाटमाथा

एवढा पसारा कशाला? ॲम्पचा मायनस सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. मी तसंच केलंय, पिनड्रॉप शांतता.

तारतम्य

तुमच्याकडे चाललं ते छानच. पण डिकीपासून बॅटरीपर्यंत चार-साडेचार मीटर वायर जाते आणि त्या लांबीवरही व्होल्टेज पडतंच. त्यापेक्षा डिकीत बॉडीवर घेतलेला अर्थ बहुधा बरा : अर्ध्या मीटरच्या आत वायर, पॉवरच्या वायरीइतकीच जाड. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा, दाताचं वायसर, नीट क्रिम्प केलेला लग, आणि घट्ट केल्यावर वरून रंग किंवा ग्रीस. आपल्याकडच्या पावसात उघडा पत्रा एका मोसमात गंजतो आणि मग अर्थ असूनही नसल्यासारखा. सीटच्या बेल्टचा बोल्ट मात्र वापरू नका. हौशी लोक सर्रास वापरतात, पण तो जीव वाचवायला दिलाय.

शिवाय नव्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असतो. त्याला वळसा घालून थेट बॅटरीच्या खुंटाला जोडलं तर गाडीचा चार्जिंगचा हिशोब चुकतो. जोडायचंच असेल तर सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला.

अर्थ चांगला आहे का हे ओहम मोजून कळत नाही, साध्या मीटरला अर्ध्या ओहमच्या खाली काही धड दिसत नाही. इंजिन चालू, गाणं मोठ्याने, आणि ॲम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत लांब वायर लावून डीसी व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत हवं.

पेठेतला_पाहुणा

रविवारी बसलो. बॅटरीवर एसी २८ मिलिव्होल्ट, म्हणजे डायोडचा विषय मिटला. अर्थचा ड्रॉप ०.०६. आरसीए काढल्यावर कुईं गायब. मोबाइल ॲम्पला जोडून शांत. लांब वायरीतूनही शांत! टचस्क्रीन परत जोडला की कुईं हजर. म्हणजे टचस्क्रीनच बदलायचा का? वॉरंटी संपलीय.

तारतम्य

थांबा, बदलू नका. सगळं बंद, आरसीए ॲम्पकडून काढलेल्या. मीटर कंटिन्युइटीवर. एक प्रोब टचस्क्रीनच्या मागच्या आरसीएच्या बाहेरच्या रिंगला, दुसरा त्याच्या पत्र्याच्या बॉडीला. बहुतेक युनिटमध्ये बीप यायला हवा. नाही आला तर चोर सापडला.

आरसीएच्या रिंगचा अर्थ आतल्या बोर्डावर एका केसाएवढ्या ट्रॅकमधून किंवा तांदळाएवढ्या फ्यूजमधून जातो. ॲम्पचा अर्थ निसटलेला असताना त्याला पॉवर आणि आरसीए दोन्ही जोडलेल्या राहिल्या, तर ॲम्पचा सगळा करंट परत जायला त्या नाजूक वाटेने धावतो. क्षणात उडतो तो ट्रॅक किंवा फ्यूज. गाणं वाजत राहतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त कुईं सुरू होते. बसवताना वायरी मागेपुढे झाल्या की हे हमखास घडतं.

पेठेतला_पाहुणा

बीप नाही!! चारही रिंगांना नाही. आता?

तारतम्य

पक्का इलाज म्हणजे युनिट उघडून तो फ्यूज बदलणं, हे चांगल्या रिपेअरवाल्याकडून करून घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर कुणीतरी सापडेल. तोवर एक बारीक वायर आरसीएच्या रिंगभोवती घट्ट गुंडाळा आणि दुसरं टोक युनिटच्या मागच्या स्क्रूखाली दाबा. मधल्या पिनला चुकूनही लागू देऊ नका.

पेठेतला_पाहुणा

केलं. गेली! पाच हजार आरपीएमपर्यंत रेस दिली (सोसायटीतले काका खिडकीतून बघत होते), काही नाही. तारतम्य, तुम्हाला माझ्याकडून अमृततुल्य लागू. फक्त ती सूंऽऽ उरलीय, इंजिन बंद असतानाही.

तारतम्य

ती गेनची, म्हणजे येणारा सिग्नल ॲम्प किती मोठा करतो ते ठरवणाऱ्या बटणाची. दुकानात गेन म्हणजे आवाजाचं बटण समजून शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. त्याने ताकद वाढत नाही, गाण्याबरोबर कचराही मोठा होतो. गेन पूर्ण खाली आणा, स्पीकर सोडवा, इक्वलायझर आणि बेस बूस्ट शून्य. टचस्क्रीन तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवून २००-४०० हर्ट्झचा टोन वाजवा (साधे मीटर त्यापुढे खोटं बोलतात) आणि पुढच्या चॅनलवर एसी व्होल्ट मोजा. लक्ष्य : वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॅट, ४ ओहम असेल तर १४ व्होल्ट. गेन हळूहळू वाढवा, आकडा तिथे आला की थांबा. सबसाठी वेगळं, ५० हर्ट्झच्या टोनवर.

आणि ते फिल्टर घेऊ नका. आरसीएतला फिल्टर म्हणजे छोटे ट्रान्सफॉर्मर, दोन अर्थांमधला तो लूप तुटतो खरा, पण स्वस्त असेल तर खालचा बेसही खातो.

नवखा_चालक

वाखु (वाचनखूण) साठवली. धाग्यावर घुसखोरी करतोय, क्षमस्व. माझ्या गाडीत कंपनीचाच स्टिरिओ आहे, त्याला आरसीएच नाहीत. स्पीकरच्या वायरींतून कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा करणारा डबा) लावून ॲम्पला द्यायचंय. दुकानदार म्हणतो, स्पीकरचे सगळे मायनस एकत्र करून बॉडीला टाकू, म्हणजे आवाज येणार नाही.

तारतम्य

अजिबात टाकू देऊ नका. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा-सात व्होल्ट असतात, त्यांतली कुठलीच अर्थ नसते. बॉडीला टेकवलीत तर आतली चिप जाऊ शकते. प्रत्येक स्पीकरची जोडी वेगळी कन्व्हर्टरमध्ये न्या. कन्व्हर्टरला स्वतःची अर्थची वायर असेल तर ती ॲम्पच्या अर्थ बोल्टवरच घ्या. ॲम्पलाच हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट घेणारं) असेल तर कन्व्हर्टरही नको, ॲम्पचा डबा बघून घ्या आधी.