पुरुषांचा गट: पहिल्यांदा आलेला माणूस परत का येत नाही?

उंबरठा
पुरुषांमधल्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेची दर आठवड्याला दोन तासांची बैठक असते. नवीन आलेल्यांपैकी निम्मेही दुसऱ्यांदा दिसत नाहीत. बैठकीची रचना कशी असावी? आणि कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर स्वयंसेवकाने त्या क्षणी नेमकं काय करायचं? आमच्यात डॉक्टर किंवा समुपदेशक कुणी नाही.

सोबती
रचनेबद्दल लिहितो. वार आणि वेळ कधीही बदलू नका. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सला २०१६ साली सुरू झालेल्या ‘अँडीज मॅन क्लब’ या पुरुषांच्या गटाच्या बैठका सोमवारी संध्याकाळी सातलाच भरतात. महिनाभर धीर गोळा करून आलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसलं, तर तो पुन्हा येत नाही.

दारात फॉर्म ठेवू नका, पहिलं नाव पुरे. एक स्वयंसेवक फक्त दाराशी उभा असावा, कारण बरेच जण बाहेरूनच परत फिरतात. बारापेक्षा जास्त जण झाले की दोन गोल करा आणि प्रत्येक गोलात दोन स्वयंसेवक बसवा. एखाद्याला उठून बाहेर जावंसं वाटलं, तर त्याच्याबरोबर जायला एक जण मोकळा हवा. पहिला प्रश्न साधा ठेवा: ‘आठवडा कसा गेला?’ ‘मी पास’ म्हणण्याची मुभा आहे हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते सल्ल्यांमुळे. कुणी नोकरी गेल्याचं सांगतो आणि चार जण त्याला अर्ज कसा लिहायचा ते शिकवू लागतात. तो गप्प होतो आणि पुढच्या वेळी येत नाही. ‘विचारल्याशिवाय सल्ला नाही’ हा नियम लिहून भिंतीवर लावा.

समोरासमोर बसून बोलणं जमत नाही असेही पुष्कळ असतात. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘मेन्स शेड’मध्ये माणसं सुतारकाम किंवा दुरुस्ती करत शेजारी-शेजारी उभी असतात. हात कामात असले आणि नजर लाकडावर असली की तोंड उघडतं. दोन तासांपैकी निदान अर्धा तास असं काहीतरी ठेवून पाहा.

रातवा
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सरळ विचारा: ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ हाच शब्द वापरा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो हा समज चुकीचा आहे. उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. ‘तसलं काही करणार नाहीस ना?’ असं मात्र कधीच विचारू नका. त्या वाक्यातच ‘नाही’ हे उत्तर भरलेलं आहे आणि तो तेच देईल.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढे चार गोष्टी विचारा: कसं करायचं हे ठरलंय का, त्यासाठी लागणारं हाताशी आहे का, कधी करायचं ठरवलंय, आणि पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का. बेत, साधन आणि जवळची वेळ हे तिन्ही असेल, तर त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका. एकाने शेजारी बसायचं, दुसऱ्याने आपत्कालीन सेवेला फोन करायचा.

धोका तितका जवळ नसेल, तर तिथेच बसून सुरक्षा योजना लिहा. स्टॅनली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची ही पद्धत सहा टप्प्यांची आहे: आपलं बिघडतंय हे कशावरून कळतं, एकट्याने काय केल्यावर विचार जरा मागे सरतो, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, ज्यांना खरं सांगता येईल अशी माणसं, डॉक्टर व हेल्पलाइनचे नंबर, घरातली साधनं दूर करणं. अर्धा-पाऊण तास लागतो. लेखणी त्याच्या हातात द्या. स्वयंसेवक लिहायला बसला की ‘सकारात्मक राहीन’ छापाची वाक्यं येतात आणि रात्री तीन वाजता ती निरुपयोगी ठरतात. ‘कुत्र्याला घेऊन बाहेर पडेन’ हे उपयोगी वाक्य.

‘जिवाचं काही करणार नाही’ असं वचन घेऊ नका. वचन दिलेला माणूस पुढच्या वेळी लपवतो.

पुरुषांमध्ये दुःख बरेचदा रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, वाढलेलं पिणं, उडालेली झोप, बेफाम गाडी चालवणं यांतून दिसतं. फार दिवस खचलेला माणूस अचानक शांत होऊन वस्तू वाटू लागला, तर बरं वाटतंय असं धरून चालू नका, त्याच दिवशी विचारा.

पाणवठा
रातवा यांच्या सहाव्या टप्प्याला, म्हणजे साधनं दूर करण्याला, जोर देतो, कारण लाजेपोटी तोच गाळला जातो. ‘ज्याला करायचं तो दुसरा मार्ग शोधतोच’ हे खरं नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तीव्र लाट बरेचदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ साधन लांब असलं तरी जीव वाचतो. म्हणून ‘हे कुणाकडे ठेवायला देशील?’ असं विचारून, त्या माणसाला त्याच्यादेखत फोन करा.

आणि दोन बैठकांमधले सहा दिवस रिकामे सोडू नका. सॅन फ्रान्सिस्कोत मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी, रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या लोकांना पाच वर्षांत २४ छोटी पत्रं पाठवली. त्यांत ना उपदेश होता ना मागणी. पत्रं मिळालेल्या गटात, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, आत्महत्या कमी झाल्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि बैठकीच्या आदल्या दिवशी एकेक निरोप पाठवा: ‘काल आलात, बरं वाटलं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ खाली संस्थेचं नाही, माणसाचं नाव हवं.

उंबरठा
गोपनीयतेचं काय? ‘इथलं इथेच राहील’ असं आम्ही सांगतो आणि मग आपत्कालीन फोन करायचा, तर तो विश्वासघात वाटणार नाही का?

रातवा
म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच पूर्ण वाक्य म्हणा: ‘इथलं इथेच राहील, फक्त कुणाचा जीव धोक्यात असेल तर आम्ही मदत बोलावू, आणि ते तुम्हाला सांगूनच करू.’ फोनही शक्यतो त्याच्यासमोर लावा.

स्वयंसेवकांचे खासगी नंबर देऊ नका. संस्थेचा एकच फोन ठेवा, पाळ्या लावा, आणि तो किती ते किती चालू असतो हे कार्डावर छापा. त्याखाली चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर द्या आणि तो दर महिन्याला स्वतः लावून तपासा. बैठक संपल्यावर स्वयंसेवकांनी पंधरा मिनिटं थांबायचं: आज कोण खचलेला वाटला, त्याला उद्या फोन कोण करणार, आणि आपल्यापैकी कुणाला पुढचा आठवडा सुट्टी हवी आहे.