परड्यात बटाटे कधी लावायचे? (बेळगाव, लाल माती) – मदत हवी आहे

परडेवाली
नमस्कार मंडळी. आमचं घर हिंडलग्याच्या बाजूला. घरामागं दहा बाय बारा फुटांचं परडं मोकळं आहे. लाल माती, सकाळपासून दोन-अडीचपर्यंत चांगलं ऊन. उन्हाळ्यात तिथं वांगी होती, आता नुसतं गवत. यंदा बटाटे लावायचे असं सासूबाईंच्या आणि माझ्या मनात आहे, पण कधी, यावरच गाडी अडलीय.

सासूबाई म्हणतात, बटाटा मृगाचा, तो गेला, आता पुढच्या वर्षी बघ. यूट्यूबवर पंजाबकडचे लोक ऑक्टोबर सांगतात. इंग्लंडमधली एक बाई मार्चच्या शेवटी लावा म्हणते. आणि इकडं गणपतीच्या तोंडावर आणलेल्या बटाट्यांना टोपलीत बोटभर पांढरे मोड आलेत! तेच पुरून टाकू की थांबू? पाऊस अजून रोज आहे. बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, कुठलं घ्यायचं तेही सांगा.

कडोलीकडचा
ताई, सासूबाई खरं तेच बोलल्या, पण अर्धं. आमच्याकडं जूनमध्ये मृगाचे दोन-तीन पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे चिखल सरून नुसती ओल राहिली, की लावणी, आणि गणपतीनंतर दसऱ्यापर्यंत काढणी. पावसावरचं पीक ते. पण झड लागून आभाळ आठ-आठ दिवस उघडलं नाही की करपा येतो. पानावर आधी पाण्यात भिजल्यासारखा डाग, मग काळा, आणि चार दिवसांत अख्खी सरी झोपते. आम्ही त्यावर औषध मारत राहतो. घरच्या चार सऱ्यांसाठी तुम्ही पंप पाठीला लावून फिरणार काय?

परड्याला पावसानंतरचाच बटाटा बरा. हस्त संपू दे, चित्रा निम्मी सरू दे. म्हणजे साधारण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. आत्ता भिजल्या मातीत लावाल तर बेण्याची कापलेली फोड कुजणार, मोड वर यायच्या आधीच.

गच्चीवाला टिळकवाडी
इंग्लंडच्या बाईचं तिच्या गावापुरतं खरं आहे. तिकडं मार्च-एप्रिलपर्यंत रात्री दव गोठतं, कोवळा पाला जळतो, म्हणून ते थंडी सरायची वाट बघतात. आपल्याकडं बटाट्याचा वैरी थंडी नव्हे, ऊन. पाला उबेतही वाढतो, पण जमिनीत गाठ धरायला रात्र थंड लागते, १५ ते २० अंशांच्या दरम्यान. रात्री त्याहून तापायला लागल्या की झाड वर हिरवंगार दिसतं आणि खाली गोट्या. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १५ अंशांच्या आसपास उतरतात, तो आपला काळ.

म्हणून मी तारीख मागून मोजतो. फेब्रुवारी संपायच्या आत बटाटा जमिनीबाहेर हवा. पीक तीन ते साडेतीन महिन्यांचं. म्हणजे नोव्हेंबरचा मध्य ही शेवटची गाडी. डिसेंबरात लावलेला बटाटा नेमका पोसायच्या वेळी मार्चच्या उन्हात सापडतो.

चिकोडीची अक्का
आमच्या बाजूला पाऊस कमी, पण माती काळी. वरून वाळलेली दिसते आणि कुदळ घातली की खाली चिखल. त्यामुळं काळ्या मातीवाल्यांनी तारखेपेक्षा ढेकूळ बघावं. मुठीत दाबून सोडल्यावर भुगा झाला तरच लावा. लाल मातीला पाणी लवकर निथळतं, तुमचं बरं आहे.

परडेवाली
सगळ्यांचे आभार. आता बेण्याचं. थोड्या दिवसांत बाजारात आपला जवारी बटाटा येईल, नवा, मातीचा. तोच लावला तर? आपल्या हवेतला आहे, रुजेलही चांगला, असं वाटतं.

कडोलीकडचा
खायला आणा, लावायला नको. नवा बटाटा काढल्यावर दोन-अडीच महिने झोपलेला असतो. काही केलं तरी मोड फुटत नाही. अंगठ्यानं चोळून बघा, साल पापुद्र्यासारखी निघाली की तो ताजा. सप्टेंबरात काढलेला ऑक्टोबरात पुरला तर महिनाभर नुसता मातीत बसून राहील, नाहीतर घूस नेईल.

ऑक्टोबरच्या लावणीला जुना बटाटा हवा. दुकानात आग्रा किंवा इंदूर म्हणून मिळतो, त्यातला कोल्ड स्टोरेजचा विचारून घ्या. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला असतो, झोप केव्हाच पुरी झालेली. बाहेरच्या उबेला आला की आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात. बियाण्याच्या दुकानात कुफ्री चंद्रमुखी ही जात मिळाली तर सोन्याहून पिवळं, ८० ते ९० दिवसांत मोकळी होते. मात्र बियाणेवाले घरच्याला पोतं फोडून देत नाहीत, तेव्हा बाजारातला चालवून घ्यायचा.

गच्चीवाला टिळकवाडी
बाजारातला घेणार असाल तर आधी एखादा आडवा कापून बघा. आत कडेनं तपकिरी कडं दिसलं, दाबल्यावर पांढरट चिकट पाणी आलं, तर ती रास सोडून द्या. तो मर रोग आहे, मातीत शिरला की वर्षानुवर्षं जात नाही. आणि ताई, उन्हाळ्यात तिथं वांगी होती म्हणालात? मग ती जागा सोडाच. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा सगळी एकाच घरची भावंडं, एकाचं दुखणं दुसऱ्याला.

परडेवाली
अरे देवा, हे डोक्यातच नव्हतं. विहिरीकडं आठ बाय सहाचा पट्टा आहे, तिथं घेवडा होता. तो चालेल? किती बेणं लागेल? आणि टोपलीतल्या मोडवाल्यांचं काय करू?

कडोलीकडचा
घेवड्यामागं बटाटा उत्तमच. दोन-दोन फुटांवर तीन सऱ्या निघतील, सरीत आठ इंचांवर एक, म्हणजे बारा. एकूण छत्तीस जागा. ४० ग्रॅमची एक फोड धरली तर दीड किलो बेणं पुरे. कोंबडीच्या अंड्याएवढे अख्खे बटाटे मिळाले तर कापूच नका. मोठे असतील तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवा आणि कापल्यावर लगेच पुरू नका. सावलीत ओलसर गोणपाटाखाली एक-दोन दिवस ठेवा, काप कोरडा होऊन त्यावर साल धरते. कापतानाच सुरी मधून मधून पुसून घ्या.

टोपलीतल्यांचे मोड खुडा आणि भाजी करा. दसऱ्यापर्यंत ते सुरकुतून जातील, बेणं म्हणून कामाचे राहणार नाहीत. हिरवे पडलेले मात्र खाऊ नका, टाकून द्या.

गच्चीवाला टिळकवाडी
नवं बेणं आणल्यावर टोपलीत झाकून ठेवू नका. अंड्याच्या ट्रेमध्ये डोळ्यांची बाजू वर करून उजेडात ठेवा, उन्हात नको. अंधारातले मोड पांढरे, लांब, हात लागला की मोडणारे. उजेडातले आखूड आणि जाड, जांभळट-हिरवे. नखाएवढे झाले की लावायचे, दोन-अडीच इंच खोल.

चिकोडीची अक्का
शेणखत कुजलेलंच घाला हं. ताज्या शेणानं बटाट्यावर खरबरीत खपल्या धरतात. झाडं वीतभर झाली, साधारण महिन्यानं, की दोन्हीकडची माती ओढून भर लावा. हे काम चुकवायचं नाही. बटाटे फोडीच्या खाली नाही, वरच्या दांड्याला धरतात. उघडे पडले की ऊन लागून हिरवे, आणि वास काढत पतंग येऊन अंडी घालतो ते वेगळंच.

पाणी लाल मातीला चार-पाच दिवसांनी, पण थोडं. पाला पिवळा पडून लोळायला लागला की पाणी बंद, आणि त्यानंतर दहा दिवसांनी खणा, म्हणजे साल घट्ट होते. भिजत्या मातीतून काढलेले टिकत नाहीत.

परडेवाली
ठरलं तर. दसऱ्याच्या आधी जुना आग्रा दोन किलो आणून ट्रेमध्ये ठेवते, पाऊस उघडला की लावते. सासूबाई म्हणाल्या, ऑक्टोबरातला बटाटा त्यांच्या माहेरी येळ्ळूरला कोणी बघितला नव्हता, पण लाव बघू. आणखी एक विचारायला सांगितलंय. सऱ्यांच्या मधे दोन फूट जागा रिकामी राहणार, तिथं मेथी किंवा मुळा टाकला तर?

कडोलीकडचा
मेथी चालेल, कोथिंबीरही. लावणीबरोबरच टाका आणि भर लावायच्या आत उपटून घ्या. मुळा नको, उपटताना वरंबा हलतो. सासूबाईंना सांगा, मृगालाही थोडे लावून बघू दे त्यांना, फेब्रुवारीत काढलेल्यातले अंड्याएवढे निवडून ठेवा, जूनपर्यंत त्यांची झोप होते. उजेडात पसरून ठेवा आणि वरून जुन्या साडीचा पदर झाका, पतंग बसू नये म्हणून.