युगांडात महिनाभर रेसिडेंटना भूल शिकवायची आहे, तयारी काय करू?

नाशिक_भूलतज्ज्ञ:
म्बाराराच्या विद्यापीठ रुग्णालयात एममेड (तिथली एमडीसारखी पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या रेसिडेंटना चार आठवडे शिकवायला जायचं ठरतंय. एमडी झाल्यापासून काम कॉर्पोरेट ओटीत (ऑपरेशन थिएटरात). हॅलोथेन (भुलीचं जुनं, वाफ करून द्यायचं औषध) आणि ड्रॉ-ओव्हर (पेशंटच्या श्वासाने हवा औषधावरून ओढली जाते ती साधी पद्धत) यांच्याशी संबंध सुटलाय. कागदपत्रं, सामान, शिकवण्याचा क्रम, सगळंच सांगा.

गॅसमन:
कागदाचं पटकन सांगतो. युगांडाच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हातात आल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, 'फक्त शिकवतोय' असलं तरी. एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं) गुड स्टँडिंग, म्हणजे तुमच्याविरुद्ध कारवाई नसल्याचं प्रमाणपत्र, आत्ताच मागवा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी. दाखला नसेल तर परतल्यावर ६ दिवस क्वारंटाइन. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे.

ड्रॉओव्हर_काका:
आधी विभागप्रमुखांना विचारा, मशीन कोणतं आहे. ऑक्सफर्ड मिनिएचर व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारं छोटं उपकरण) असेल तर त्यात ५० मिलीच एजंट (भुलीचं द्रव औषध) मावतो आणि तापमानाची भरपाई नाही, त्यामुळे लांबलेल्या केसमध्ये तो गार पडून डोस उतरतो. दर एजंटची डायलपट्टी वेगळी. व्हेपोरायझरच्या मागे रिझर्व्हायर ट्यूब (ऑक्सिजन साठवणारी, एका टोकाला उघडी नळी) असेल तर मिनिटाला १ लिटर ऑक्सिजनवर साधारण ३०-४० टक्के मिळतो, ४ लिटरवर ६०-८०.

घोटाळे ठरलेले: वन-वे व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेला जाऊ देणारी झडप) उलटा जोडला जातो, नाहीतर ट्यूबचं उघडं तोंड चादरीखाली दबतं. दररोज सकाळी रेसिडेंटकडून सर्किट (मशीनपासून पेशंटपर्यंतच्या नळ्यांची जोडणी) सुटं करून पुन्हा जोडून घ्या. तुम्ही जोडून दाखवलं तर तुम्ही गेल्यावर कोण जोडणार?

कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्राचा) दाब कमी असतो, पाइपलाइनवरचं मशीन त्यावर चालत नाही. वीज गेली की तोही बंद. सिलिंडर भरलेला आहे का, हे इंडक्शनच्या (भूल सुरू करण्याच्या) आधी बघायचं. म्बारारा सुमारे १,४०० मीटरवर आहे, पण त्यासाठी हॅलोथेनचा डायल बदलू नका: उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने वाफेचा टक्का वाढला तरी तिचा आंशिक दाब (परिणाम ठरवणारा तिचा स्वतःचा दाब) जवळपास तोच राहतो.

सिझर_ड्युटी:
हॅलोथेनवर सर्जन ॲड्रेनलिन टोचणार असेल तर आधी विचारायचं, ही सवय लावा. १:१,००,००० (१ लाख मिलीत १ ग्रॅम) पेक्षा घट्ट नको, १० मिनिटांत १० मिलीपेक्षा जास्त नको. वेंट्रिक्युलर एक्टोपिक (हृदयाचे अवेळी, चुकीचे ठोके) त्यानेच येतात, कार्बन डायऑक्साइड साचला असेल तर आणखी लवकर.

नाशिक_भूलतज्ज्ञ:
पोर्टेबल कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) घेऊन जाऊ का?

ड्रॉओव्हर_काका:
त्याची सॅम्पलिंग लाइन (श्वासाचा नमुना ओढणारी बारीक नळी) आणि वॉटर ट्रॅप (ओलावा अडवणारी डबी) तिथे मिळतात का, ते विचारून मगच. नाहीतर तुमच्यामागे तो कपाटात जाईल.

सिझर_ड्युटी:
काकांशी अर्धंच सहमत. लाइन जास्तीच्या न्या, पण कॅप्नोग्राफ न्याच. श्वासासाठी घातलेली नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर ते त्याइतकं खात्रीने दुसरं काही सांगत नाही. जोडीला ६० मिलीची सिरिंज कॅथेटर माउंटला (श्वासनळीला जोडायच्या लहान नळीला) लावून शिकवा: दांडा ३०-४० मिली सहज मागे आला तर श्वासनलिका, अडला तर अन्ननलिका. वर्षाच्या आतलं बाळ, लठ्ठ पेशंट आणि दिवस भरत आलेली गरोदर बाई यांच्यात ही चाचणी फसू शकते, हेही त्याच दमात सांगा.

गॅसमन:
पहिले दोन दिवस नुसतं बघा. विषय त्यांच्या वरिष्ठांना निवडू द्या आणि ॲनेस्थेटिक ऑफिसरनाही (भूल देण्याचं प्रशिक्षण घेतलेले, पण डॉक्टर नसलेले कर्मचारी) वर्गात बसवा. जिल्ह्यांत बरीचशी भूल तेच देतात. त्यांना वगळून रेसिडेंटपुरतं शिकवलंत तर रात्रीच्या सिझरपर्यंत त्यातलं काही पोचणार नाही.