मदत हवी आहे: सदाफुली कुत्र्याच्या पिल्लाने खाल्ली तर?

आमच्याकडे चार महिन्यांचं गावठी पिल्लू आहे, दात येतायत त्यामुळे दिसेल ते चावतं. काल संध्याकाळी गॅलरीत बघते तर तुळशीच्या कुंडीत आपोआप उगवलेली गुलाबी सदाफुली अर्धी कुरतडलेली, एक फांदी मोडून पडलेली आणि याच्या हनुवटीला पान चिकटलेलं. तोंडात बोट घालून होतं तेवढं काढलं, तोंड धुतलं आणि लगेच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले झाड विषारी आहे, उलटी, जुलाब, सुस्ती किंवा चालताना झोक जाणं असं काहीही दिसलं तर लगेच घेऊन या. रात्रभर त्याच्याजवळच बसून होते, अजून तरी खातोय, खेळतोय, पण जीव थाऱ्यावर नाही.

सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध बनतं एवढं माहीत होतं, कुत्र्यांच्या काही गाठींवरही तेच इंजेक्शन देतात म्हणे, पण म्हणून झाड चावून खाल्लेलं चालतं असं मुळीच नाही हे आता कळलं.

कोणाच्या कुत्र्या-मांजराने सदाफुली खाल्ली होती का, त्रास किती तासांनी दिसला? आणि कुंड्या उंचावर टांगल्या तर पुरेल की झाडं काढूनच टाकू? आई रोज देवाला हीच फुलं वाहते, तिला वाईट वाटेल. कण्हेर तर नकोच, ती सदाफुलीपेक्षाही वाईट. त्याऐवजी जास्वंद, गुलाब लावले तर चालतील ना? प्लीज लवकर सांगा.