मदत हवी आहे: थंडीतल्या उन्हापासून त्वचा कशी जपायची? एकाच गालावर वांग आले आहेत

कुंदकळी

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण मला खरंच मार्ग हवा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझं वय ४१. उन्हाळ्यात मी सनस्क्रीन न चुकता लावते, टोपी आणि पूर्ण बाह्यांशिवाय बाहेर पडत नाही. थंडी सुरू झाली की मात्र ट्यूब कपाटात जाते, ती थेट पुढच्या उन्हाळ्यात बाहेर येते. चटकाच बसत नाही तर लावायचं कशाला, असं इतकी वर्षं वाटत आलं. उलट थंडीत मी मुद्दाम ऊन खात बसते. घरून काम करते, आणि हिवाळ्यात टेबल खिडकीला लावून घेते, म्हणजे उजव्या अंगाला छान ऊब मिळते.

गेल्या महिन्यात ओळखपत्रासाठी फोटो काढला. फोटोत उजव्या गालाच्या हाडावर, डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली, ओल्या कागदावर शाई फुटावी तसा पुसट कडांचा तपकिरी डाग दिसला. डावा गाल जवळजवळ स्वच्छ. आधी वाटलं, दिव्याची सावली पडली असेल. घरी येऊन आरशासमोर दोन्ही गाल उजेडाकडे वळवून पाहिले, तर डाग खरोखर होता. डॉक्टरांनी तपासून वांग असल्याचं सांगितलं, सनस्क्रीन बाराही महिने लावायला सांगितलं आणि सहा आठवड्यांनी परत बोलावलं. बाहेर गर्दी होती, त्यामुळे माझे प्रश्न विचारायचे राहून गेले.

ऊन इतकं मऊ असताना त्वचेला इजा कशी होते? मी तर घरात, बंद काचेआड बसते, मग एकाच गालावर का? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे, थंडीत माझी त्वचा कोरडी पडते, फुटते. क्रीम लावून वर सनस्क्रीन लावलं की खोडरबराचा चुरा निघावा तशा बारीक गोळ्या होऊन सगळं हातात येतं. रोज हे असंच होणार असेल तर लावणार तरी कसं?

जाता जाता आईचंही विचारते. तिचं ड जीवनसत्त्व कमी आहे. ती रोज सकाळी त्याच खिडकीत बंद काचेमागे तासभर बसते. तिला उठवावं की बसू द्यावं?

---

उत्तरायण

कुंदकळी, तुमचा डाग उजव्याच गालावर असणं आणि ती खिडकी, यांचा संबंध आहे असं मला वाटतं.

उन्हाची ऊब आणि त्वचेला होणारी इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊब मुख्यतः अवरक्त आणि दृश्य प्रकाशातून मिळते. इजा करतात ते अतिनील किरण, आणि ते त्वचेला जाणवतच नाहीत. भाजल्यावर काही तासांनी कळतं तेवढंच. त्यामुळे ‘चटका नाही म्हणजे धोका नाही’ ही खूण मुळातच चुकीची आहे.

अतिनील किरणांतले दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. यूव्हीबी, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे, ते त्वचा लाल करतात, भाजतात. यूव्हीए, म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे, ते जास्त खोल जातात, त्वचा काळवंडवतात आणि हळूहळू सुरकुत्या आणतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के यूव्हीएच असतात. हिवाळ्यात सूर्य तिरपा असतो, किरणांना हवेतून लांबचा पल्ला कापावा लागतो आणि वाटेत ओझोन यूव्हीबी शोषून घेतो. म्हणून थंडीत यूव्हीबी बरेच घटतात. यूव्हीए त्या मानाने कमी घटतात. लालसर होऊन धोक्याची सूचना देणारे किरण कमी झाले आणि गुपचूप काम करणारे राहिले, असं थंडीत होतं.

आता काच. खिडकीची साधी काच बहुतेक यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए मोठ्या प्रमाणात आत सोडते. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचं छायाचित्र आलं होतं. त्याने २८ वर्षं ट्रक चालवला होता. चेहऱ्याची खिडकीकडची बाजू जाड, खोल सुरकुत्यांची, आणि दुसरी बाजू त्यापेक्षा कितीतरी तरुण. एकाच माणसाचा चेहरा आहे यावर विश्वास बसत नाही. तुम्ही दर हिवाळ्यात उजवा गाल तासन्‌तास काचेला लावून बसता. वांग येण्यात संप्रेरकं आणि आनुवंशिकताही असते, एकटं ऊन नसतं. पण असलेला डाग गडद करायला यूव्हीए आणि साधा दिसणारा प्रकाशसुद्धा पुरतो.

म्हणून वांग असणाऱ्यांनी रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्यावं. साधं सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही, हे अडवतं. शिवाय त्वचेच्या रंगाशी जुळणारं मिळालं की पांढरट थर दिसत नाही.

---

हिमवाट

बर्फात जायचा कोणाचा बेत असेल तर माझा अनुभव ऐका. मी पहिल्यांदा बर्फाळ डोंगरात गेलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, हातमोजे काढले की बोटं बधिर होत होती. सनस्क्रीन लावलं ते फक्त कपाळाला आणि नाकाच्या शेंड्याला. संध्याकाळी मुक्कामी तोंड धुवायला गेलो तर हनुवटीच्या खालची बाजू आणि नाकपुड्यांची खालची कड पाणी लागताच झोंबली. वरून ऊन नाही, मग खालून कसं भाजलं?

नंतर कारण समजलं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय दर १००० मीटर चढलं की अतिनील किरण साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. पातळ ढगही त्यांना फारसे रोखत नाहीत. आमच्यातल्या एकाने गॉगल लावला नव्हता. रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, पाणी थांबेना, दिव्याकडे बघवेना. बर्फाने डोळे दिपणं म्हणतात ते हेच, डोळ्याच्या बुबुळावरचा पडदाच भाजतो. दोन दिवसांत तो बरा झाला, पण ती रात्र त्याने फार सोसली.

तेव्हापासून हनुवटीखाली, कानांच्या मागे, नाकाच्या खालून, सगळीकडे लावतो. ओठांना एसपीएफ (उन्हाने भाजण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा आकडा) असलेला बाम. बाजूंनी बंद असलेला गॉगल. आणि दर दोन तासांनी पुन्हा.

---

साधीसुधी

ताई, गोळ्या होण्याचं मला विचारा, दोन हिवाळे मी हेच सोसलं आहे.

तोंड धुतलं की त्वचा किंचित ओली असतानाच क्रीम लावायचं, पण थोडंच. मग दहा मिनिटं थांबायचं. हाताला चिकट लागेनासं झालं की सनस्क्रीन घ्यायचं, आणि चोळायचं अजिबात नाही. बोटांनी ठिपके देऊन थापत थापत पसरायचं. चोळलं की खालचा थर सुटतो आणि गोळ्या होतात. एक थर पूर्ण बसला की दुसरा. त्यातूनही होत असेल तर क्रीम आणि सनस्क्रीन एकमेकांशी जुळत नाहीत असं समजा आणि दोन्हींपैकी एक बदलून पाहा. थंडीत मी घट्ट क्रीमसारखं सनस्क्रीन घेते, त्यातच ओलावा असतो. जेल माझी त्वचा आणखी ओढून घेतं.

मात्रा मात्र कमी करू नका. चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात. डब्यावरचा एसपीएफ प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. आपण बहुतेक जण निम्म्याहूनही कमी लावतो. एसपीएफ ३० यूव्हीबीचे सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० सुमारे ९८, तेव्हा आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दलच बोलतो. यूव्हीएसाठी डब्यावर ब्रॉड स्पेक्ट्रम असं लिहिलेलं किंवा पीए आणि त्यापुढची अधिक चिन्हं बघा.

एक विचारते, रागावू नका. रात्री चेहऱ्याला काही लावता का?

---

कुंदकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरायण, मी लगेच टेबलाजवळ जाऊन बसून पाहिलं. सकाळी अकराला ऊन बरोबर डाग आहे तिथेच पडतं.

साधीसुधी, रागवायचं काय त्यात! दोन महिन्यांपासून रात्री एक क्रीम लावते आहे, सुरकुत्यांसाठी मैत्रिणीने सुचवलेलं. तुम्ही विचारल्यावर ट्यूबवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. त्यात रेटिनॉल आहे. डॉक्टरांना हे सांगायचं मला सुचलंच नाही.

---

साधीसुधी

मला तीच शंका होती. रेटिनॉलने सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलते, आणि उन्हाला नाजूक होते. तुमच्या गोळ्यांमध्ये त्या सुटलेल्या सालांचाही भाग असेल. सध्या ते थांबवा आणि ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, सहा आठवडे वाट बघू नका. आग होणारी, सोललेली त्वचा पुढे आणखी काळी पडू शकते. पोटात काही गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविकं आणि रक्तदाबावरची काही औषधंसुद्धा त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात.

---

उत्तरायण

आईंचं राहिलं होतं. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं ते यूव्हीबीमुळे, आणि काच अडवते नेमके तेच. म्हणजे बंद काचेमागे बसून त्यांना ऊब मिळते, यूव्हीए मिळतात, ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. तिरप्या उन्हातही यूव्हीबी कमीच असतात, आणि विषुववृत्तापासून बरंच दूर असाल तर भर हिवाळ्यात उघड्यावर बसूनही फारसं काही बनत नाही. कमतरता तपासणीत निघालेली असेल तर डॉक्टर गोळ्या देतील, मात्रा त्यांनाच ठरवू द्या. त्यांची बैठक मोडू नका, ऊब आणि उजेड मनालाही हवा असतो. फक्त चेहऱ्यावर ऊन येणार नाही अशी खुर्ची वळवून द्या.

आणि घाबरून बाराही महिने अंधारात बसायची गरज नाही. हवामानाच्या अंदाजात यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा असतो, तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा सगळ्यांनीच काळजी घ्यावी. आकडा हाताशी नसेल तर सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन तीव्र आहे. तुमची गोष्ट वेगळी. निर्देशांक मुख्यतः भाजण्याच्या हिशोबाने काढतात, म्हणून वांग असताना तो १ दिसला तरी दिवसाउजेडी सनस्क्रीन सोडू नका.

---

कुंदकळी

आज टेबल खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लावलं, खिडकीला जाड पडदा घातला. क्रीम लावून दहा मिनिटं थांबले, थापून सनस्क्रीन लावलं, दोन बोटं मोजून. गोळ्या आल्या, पण फक्त नाकाच्या कडेला. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे, ट्यूब पिशवीत ठेवली आहे.

आईला खुर्ची वळवून दिली. आता तिची पाठ उन्हाकडे आहे आणि चेहरा माझ्याकडे. तिला हे जास्त आवडलं, कारण काम करताना मी दिसते म्हणते.