प्रेशर नॉर्मल, म्हणजे काचबिंदू नाही?

काचबिंदू म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब करणारा आजार. "काचबिंदू कृष्णवर्णीयांचा आजार, आपलं डोळ्यातलं प्रेशर नॉर्मल असलं की झालं" असं काही जण म्हणतात, ते अर्धंच पटलं. अमेरिकेत बाल्टिमोरला १९८० च्या दशकात झालेल्या पाहणीत कृष्णवर्णीयांत ओपन अँगल काचबिंदू (डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन उघडा असतानाही होणारा प्रकार) गोऱ्यांच्या ४ ते ५ पट आढळला होता, ते खरंच. पण जपानमधल्या ताजिमी शहरात २०००-०१ मध्ये चाळिशीपुढच्या लोकांचे डोळे तपासले, तेव्हा याच प्रकारच्या रुग्णांपैकी ९२ टक्क्यांचं प्रेशर २१ किंवा त्याहून कमी, म्हणजे नॉर्मल, निघालं! नुसतं प्रेशर मोजून घरी पाठवलं असतं तर बहुतेक सगळे निसटले असते.

शिवाय आशियात, आपल्याकडेही, हा कोनच बंद होण्याचा प्रकार बराच दिसतो. माझ्या आईचं प्रेशर दोन वर्षं १७ च्या आसपास होतं, चष्म्याचा नंबर बदलून मिळायचा, बस्स. मग दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी डोळा बधिर केला, बुबुळावर आरसे बसवलेलं छोटं भिंग टेकवलं आणि म्हणाल्या, "कोन अरुंद आहे, लेझर करून घेऊ." दोन्ही डोळ्यांना मिळून पंधरा मिनिटं लागली असतील. आई म्हणे, "कुणी टिचक्या मारतंय असं वाटलं," आणि संध्याकाळी तांदूळ निवडत बसली. भिंग टेकवून कोन बघायच्या त्या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात; ती आपली कधी झालीय का, एवढं डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्की, कारण अरुंद कोनाच्या डोळ्यांत त्यातल्या काही औषधांनी प्रेशर एकदम चढू शकतं.