सेवाकेंद्र सुरू आहे, पण सर्वाधिक गरजू माणसे तेथवर येत नाहीत : काय करावे?

प्रश्न

सप्रेम नमस्कार. आम्ही काही जणांनी मिळून अल्प उत्पन्न असलेली कुटुंबे, बेघर आणि एकटे राहणारे ज्येष्ठ यांच्यासाठी एक सेवाकेंद्र चालवायला घेतले आहे. तेथे जेवण, कपडे, प्राथमिक औषधोपचार आणि सरकारी योजनांचे अर्ज भरून देण्याची सोय आहे. ठरावीक कुटुंबे नेमाने येतात. मात्र उघड्यावर झोपणारे लोक आणि घराबाहेर न पडणारे वृद्ध केंद्राकडे फिरकत नाहीत. मदत चुकीच्या हाती पडू नये, असा देणगीदारांचा आग्रह असल्यामुळे नोंदणीच्या वेळी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागितला जातो. या लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी कामाच्या पद्धतीत कोणते बदल करावेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ज्याला घरच नाही त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे होय. जेवण, कपडे आणि मलमपट्टी यांसाठी फक्त नाव विचारावे, आणि तेही त्याची सांगायची तयारी असेल तरच. कागदपत्रे लागतात ती निवृत्तिवेतनासारख्या योजनांसाठी, आणि तो विषय ओळख वाढल्यावर काढता येतो. उघड्यावर राहणाऱ्यांची कागदपत्रे भिजतात, हरवतात, झोपेत चोरीला जातात. म्हणून त्यांच्या संमतीने प्रती केंद्रात जपून ठेवाव्यात आणि पत्रव्यवहारासाठी केंद्राचा पत्ता वापरू द्यावा. पत्र येण्याला जागा नाही, एवढ्याच कारणावरून अडलेली कितीतरी कामे त्यामुळे मार्गी लागतात. एखाद्याने दोनदा जेवण नेले तर होणारे नुकसान मोठे, की उपाशी माणूस परत गेला तर होणारे, हा प्रश्न देणगीदारांसमोर स्पष्टपणे ठेवावा.

प्रतिसाद २

मी परिचारिका म्हणून अशा वस्त्यांमध्ये काम करते. माणसे केंद्रात येण्याची वाट न पाहता आपणच त्यांच्याकडे जावे, आणि सुरुवात पायांपासून करावी. सतत ओल्या राहणाऱ्या पायांना भेगा पडतात, मधुमेह असेल तर लहानशी जखमही चिघळते. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, स्वच्छ मोजे घालून देईपर्यंत माणूस आपणहून बोलू लागतो. त्या बोलण्यातून बऱ्याच गोष्टी उलगडतात. हृदयविकार असलेला एखादा रुग्ण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत नाही, तेव्हा त्याला बेफिकीर ठरवले जाते; प्रत्यक्षात जवळपास शौचालय नसल्यामुळे त्याने गोळी बंद केलेली असते. इन्शुलिन थंड जागी ठेवायचे असते, ते रस्त्यावर कसे सांभाळणार? केंद्रातील शीतकपाटाचा एक कप्पा यासाठी मोकळा ठेवता आला, तर अवश्य ठेवावा.

घरात एकट्या असलेल्या वृद्धांकडे जाताना हातात डबा असला, तरी नजर इतर गोष्टींवरही ठेवावी. पायाची नखे फार वाढलेली असतील, तर त्या व्यक्तीला वाकता येत नाही किंवा नीट दिसत नाही, असे समजावे. अशा नखांमुळे चाल बिघडते आणि पडण्याचा धोका वाढतो. डबा दारात ठेवून निघून जाणाऱ्या स्वयंसेवकाला यातले काहीच कळत नाही, म्हणून शक्यतो तोच स्वयंसेवक त्याच घरी पाठवावा आणि त्याला बसून बोलण्याइतका वेळ द्यावा.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही सूचना योग्य आहेत. परंतु जेवण आणि मलमपट्टीवरच काम थांबले, तर बेघर माणूस बेघरच राहतो. आधी व्यसन सोडा, आधी उपचार पूर्ण करा, मग घराचे पाहू, ही अट जगात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे लावली गेली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमाने हा क्रम उलटा केला : प्रथम घर, आणि उपचार त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. फिनलंडने २००८ पासून हेच धोरण देशपातळीवर राबवले आणि रात्रनिवाऱ्यांचे रूपांतर भाडेकराराच्या लहान घरांमध्ये केले. कॅनडातील पाच शहरांत सुमारे दोन हजार लोकांना सहभागी करून झालेल्या अभ्यासातही, अशा पद्धतीने घर मिळालेले लोक नेहमीच्या सेवांवर अवलंबून असलेल्यांपेक्षा अधिक काळ घरात टिकून राहिल्याचे दिसले.

लहान केंद्राला घरे बांधता येणार नाहीत, हे मान्य आहे. तरीही घरमालकांशी बोलणी करणे, पहिल्या काही महिन्यांच्या भाड्याची हमी देणे आणि घर मिळाल्यानंतरही भेटी चालू ठेवणे एवढे करता येते. भाडे थकलेल्या कुटुंबाला वेळीच मदत मिळाली, तर ते रस्त्यावर येतच नाही. त्यामुळे नेमाने येणाऱ्या कुटुंबांना भाड्याबद्दल आवर्जून विचारावे. आणखी एक गोष्ट : उघड्यावर आयुष्य काढलेल्यांना म्हातारपणाचे आजार लवकर गाठतात, तेव्हा ज्येष्ठांसाठीच्या सोयी देताना त्यांच्याबाबत साठीची अट न धरता पन्नाशीपासूनच त्यांना सामावून घ्यावे.